पॅराशूट उघडतंय झकास, उतरताना मात्र दरवेळी लोळण! स्कायडायव्हिंगवाले कुणी आहे का इथं?

भट्टीवाला

रामराम मंडळी. मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत सुपरवायझर आहे. उजळाईवाडीला उतरणारी विमानं आमच्या शेडवरून जातात. ती बघता बघता डोक्यात जो किडा शिरला, तो दोन वर्षांची बचत खाऊनच गप्प बसला. गेल्या दिवाळीत परदेशात जाऊन एएफएफ कोर्स केला, म्हणजे एकट्यानं उडी मारायला शिकवतात तो. कुठं ते नको विचारू, नाव घेण्यात अर्थ नाही. आजवर ११ जंप्स.

फ्री-फॉलची भीती गेली. पॅराशूट वेळेवर उघडतं, वर सगळं मस्त. घोळ आहे तो शेवटच्या पाच सेकंदांत. पहिल्या सात जंप्सना इन्स्ट्रक्टर खालून रेडिओवर "फ्लेअर, फ्लेअर" ओरडायचा, मी दोन्ही टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी, ओढायचो, बुडावर का होईना पण धड यायचो. आठवीपासून रेडिओ बंद. तिथनं पुढं एकही लँडिंग सरळ नाही.

अकराव्या जंपला तर हद्द झाली. फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर होतो, वारा समोरून, मैदान मोकळं. खाली बघितलं तर गवत एकदम अंगावर आल्यासारखं वाटलं. टॉगल छातीपर्यंत ओढले. पॅराशूट थांबल्यागत झालं आणि मी अजून पहिल्या मजल्याएवढा वर! वाटलं, लवकर ओढलं. म्हणून हात वर सोडले. त्यासरशी ते पुढं झेपावलं आणि मला घेऊन खाली घुसलं. डावा पाय आधी टेकला, घोटा मुरगळला, तोंडात गवत.

आता दोन प्रश्न. फ्लेअर नेमका कधी मारायचा, याचं काही गणित आहे का? आणि पुण्यातला एक ओळखीचा त्याची १७० चौरस फुटांची कॅनोपी (पॅराशूटचं छत) स्वस्तात देतोय, ती घेऊ का? माझं वजन ७८ किलो.

रंकाळ्याचा_बगळा

तोंडात गवत म्हणजे लँडिंग नव्हे भावा, बेंदूर झाला तुझा.

शाहूपुरीच्या_काकू

अरे बाळा, घरी सांगून गेला होतास का? आधी तेवढं सांग, मग बाकीचं वाचते.

भट्टीवाला

काकू, आईला "गोव्याला चाललोय" असं सांगितलं होतं. घोटा सुजवून आल्यावर सगळं बाहेर पडलं.

अकरावी_गल्ली

मूळची राजारामपुरीची, नऊ वर्षं दुबईत. जंप्स सहाशेच्या आसपास. पहिल्या तिसांत मी पण दोनदा घोटा सुजवलाय, तेव्हा उपदेशाचा अधिकार त्या खात्यावर.

भट्टीवाला, तुझं निदान तूच लिहिलं आहेस. चुका तीन झाल्या. खाली बघितलंस, ओढलेले हात परत सोडलेस आणि एक पाय जमिनीकडं लांब केलास. तिन्हींचं मूळ पहिलीत आहे.

आधी फ्लेअरमध्ये काय होतं ते समजून घे. विद्यार्थ्याची मोठी कॅनोपी हात वर असताना ढोबळमानाने सेकंदाला १० मीटर पुढं आणि साडेचार मीटर खाली जाते. म्हणजे ताशी ३६ किलोमीटरनं स्कूटर चालवावी तसं. टॉगल ओढलेस की कॅनोपीची मागची कड खाली येते, कॅनोपीला आधी ब्रेक लागतो, आणि खाली लटकलेला तू लंबकासारखा तिच्या पुढं झुलतोस. त्यानं तिचं नाक वर होतं. पुढच्या वेगाचं उचल देणाऱ्या बळात रूपांतर होतं आणि काही क्षण तू खाली न जाता जमिनीला समांतर सरकतोस. ते काही क्षण एवढीच तुझी कमाई. वेग संपला की कॅनोपी तुला धरून ठेवत नाही.

तू ही कमाई पहिल्या मजल्यावर खर्च केलीस. तरी चाललं असतं. हात होते तिथंच ठेवले असतेस, पाय-गुडघे जोडून जमीन जवळ आल्यावर उरलेलं ओढलं असतंस, तर आपटला असतास पण सरळ आपटला असतास. हात सोडल्यावर कॅनोपी हरवलेला वेग परत मिळवायला पुढं डुबकी मारते, आणि ती डुबकी पुरी व्हायला तुझ्याकडं उंची नव्हती. लवकर ओढलं तर थांब, सोडू नकोस. हे एवढं वाक्य फौंड्रीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेव.

कधी ओढायचं याचं गणित म्हणशील तर पाय जमिनीपासून १० ते १५ फुटांवर असताना सुरुवात. पण हा आकडा घेऊन वर जाऊ नकोस, कारण वरून १५ फूट कुणालाच दिसत नाहीत. नजर कुठं आहे त्यावर सगळं आहे. गाडी चालवताना स्पीडब्रेकर आला म्हणून आपण पुढच्या चाकाकडं बघत नाही, रस्त्यावर लांब बघतो. तसंच इथं. समोर, तिरकं, लांब. क्षितिज डोळ्यांच्या कोपऱ्यात राहिलं पाहिजे. पायाखाली बघितलंस की जमीन धावून येते, हात घाबरून लवकर ओढले जातात.

१७० च्या कॅनोपीबद्दल रात्री लिहिते, आमच्या उडीचं विमान लागलंय.

कामशेतकर

मी पॅराग्लायडिंगवाला, कामशेतला उडतो. माझा सल्ला, आमच्याकडं येऊन दोन दिवस ग्राउंड हँडलिंग कर, म्हणजे जमिनीवर उभं राहून पंख वाऱ्यात धरायचा सराव. वारा हाताला कळायला लागतो. एकदा हातात वारा आला की फ्लेअर काय, सगळंच येतं. शेवटी पंख तो पंखच.

अकरावी_गल्ली

कामशेतकर, निम्मं पटलं. वारा कळायला ग्राउंड हँडलिंगसारखं दुसरं काही नाही. पण "पंख तो पंखच" म्हणू नका.

विद्यार्थ्याची २४० चौरस फुटांची कॅनोपी म्हणजे २२ चौरस मीटर, जवळपास तुमच्या पंखाएवढीच. तरी तुमचा पंख एक मीटर उतरताना आठ-नऊ मीटर पुढं जातो आणि आमचा सव्वादोन-अडीच. कारण आमचं कापड ताशी दोनशेच्या आसपास वेगानं पडणाऱ्या माणसाला थांबवायला शिवलेलं असतं. लांब तरंगणं हे त्याचं काम नाही. तुमच्याकडचे दोन मित्र आमच्याकडं आले होते, दोघंही फ्लेअरला उशीर करायचे. जमीन इतक्या जोरात वर येते याची त्यांच्या हातांना सवयच नव्हती.

आणखी एक फरक. खडबडीत हवेत तुम्ही ब्रेकवर हलका ताण ठेवून पंखाशी बोलत राहता. आम्हाला शिकवलंय ते हात वर, पूर्ण वेग, सरळ. फुगलेली कॅनोपी वेगावर टिकते.

कामशेतकर

हे मान्य. पण ग्राउंड हँडलिंगचा मुद्दा सोडणार नाही.

फौजी_गडहिंग्लज

नमस्कार. मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलला पाच उड्या मारल्या आणि छातीवर विंग्ज लागल्या. आमची छत्री गोल. तिला फ्लेअर नाही, काही नाही. जमीन येईल तशी घ्यायची. म्हणून आम्हाला उडी शिकवायच्या आधी पडायला शिकवलं. फळीवरून उड्या, दिवसभर, रडू येईपर्यंत.

हल्लीची पोरं उभं उतरायच्या नादात असतात. चौकोनी छत्री आहे म्हणून पीएलएफची, म्हणजे लोळून पडायच्या आमच्या पद्धतीची, लाज वाटते. लाज कसली? पाय आणि गुडघे चिकटलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. आधी पंजे, मग पोटरीची बाजू, मांडी, ढुंगण आणि मग तिरका पाठीचा स्नायू. आघात असा पाच जागी वाटून टाकायचा. हात जमिनीला लावायला जायचं नाही, मनगट जातं. या पोराचा पाय एकटा पुढं गेला, म्हणून सगळं वजन त्या घोट्यावर आलं.

जाता जाता, ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलला छत्रीनं उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची तिसरी मराठा. आपल्या भागात हे फार जणांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

तालीमवाला

सुभेदारसाहेब, एक नंबर. भट्टीवाला, तू आमच्या तालमीत ये. हौद्यातली माती ताक, तेल, हळद घालून मळलेली आहे, लोण्यासारखी. कट्ट्यावरून शंभर वेळा पड, काय होत नाही. फक्त वस्तादांना आधी समजावून सांगावं लागेल, कारण आमच्यात पाठ लागली की कुस्ती गेली. आणि तू मुद्दाम पाठ लावायला येणार!

रंकाळ्याचा_बगळा

खासबागेत जोड लावा यांची. जो आधी चीतपट होईल तो विजयी.

अकरावी_गल्ली

😄 तालीमवाले, खरंच घेऊन जा त्याला. याहून स्वस्त ट्रेनिंग जगात नाही.

आता १७० चं. कपडे, कंटेनर (पॅराशूटची पाठपिशवी), हेल्मेट धरून तुझं वजन ९१ किलो, म्हणजे २०० पौंड. भागिले कॅनोपीचे चौरस फूट. २४० वर ते ०.८३ येतं, १७० वर जवळपास १.१८. याला विंग लोडिंग म्हणतात. आकडा वाढला की पुढचा वेग वाढतो, उतरण्याचा वेग वाढतो, टॉगलला प्रतिसाद तिखट होतो. शिवाय लहान कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड, त्यामुळं लोडिंग तेवढंच असलं तरी ती जास्त चपळ. तुझी आज झालेली चूक २४० वर घोट्यावर भागली. तीच १७० वर मांडीच्या हाडापर्यंत जाईल. तो ओळखीचा स्वस्तात देत असेल तर त्याला चहा पाज आणि नाही म्हण.

आणि मला खरं लिहायचंय ते पुढंच आहे. तुम्ही सगळे शेवटच्या पाच सेकंदांवर बोलताय, पण लँडिंग ठरतं त्याच्या कितीतरी वर. कॅनोपी उघडल्यावर आपण बहुतेकजण काय करतो? सुटलो बाबा म्हणतो आणि देखावा बघत बसतो. ती दोन-तीन मिनिटं शाळा आहे, आणि तिची फी तू आधीच भरली आहेस.

उघडल्यावर कॅनोपी चौकोनी आहे का, सरळ उडतेय का, डावी-उजवी वळतेय का हे बघितलंस. ठीक. मग २,५०० फुटांच्या वर असतानाच सराव फ्लेअर. एक झटक्यात, एक सावकाश, एक अर्ध्यात थांबवून. प्रत्येक वेळी बघ, पोटात कधी हलकं वाटतं, वाऱ्याचा आवाज कधी बंद होतो. आवाजाकडं लक्ष दे, वेग कानाला आधी कळतो. मग इन्स्ट्रक्टरशी बोलून स्टॉल पॉइंट, म्हणजे कॅनोपी उडायचं सोडते ती जागा, शोध. टॉगल हळूहळू खाली, खाली, कॅनोपी मागं वाकायला लागते तिथं हात कुठं आहेत ते लक्षात ठेव आणि तितक्याच हळू सोड. काही स्टुडंट कॅनोप्यांच्या ब्रेकच्या दोऱ्या इतक्या लांब ठेवलेल्या असतात की हात पूर्ण खाली नेले तरी स्टॉल होत नाही. तुझी कुठली, हे तुलाच माहीत हवं. छातीपर्यंत ओढून "पूर्ण ओढलं" म्हणणारे मी खूप बघितलेत.

आणि प्रत्येक वळणाआधी मान वळवायची, मग टॉगल. हवेत आपण एकटे नसतो.

भट्टीवाला

ताई, खरं सांगतो, वर असताना मी मोबाइल असता तर फोटो काढले असते. सराव फ्लेअर एकदाच केला होता, तो पण इन्स्ट्रक्टरनं सांगितलं म्हणून.

मैदानाचा पॅटर्न, म्हणजे उतरायच्या आधीची ठरलेली वळणं, पण मला नीट जमत नाही. दरवेळी जिथं उतरायचं त्याच्या पुढं तरी जातो, नाहीतर आधी पडतो.

अकरावी_गल्ली

पॅटर्न उलटा आखायचा, जमिनीकडून वर. तुला जिथं टेकायचंय तिथून सुरू कर.

साधारण पद्धत अशी. १,००० फुटांवर डाउनविंड, म्हणजे वारा पाठीत घेऊन लक्ष्याला समांतर. ६०० वर काटकोनात वळून बेस. ३०० वर पुन्हा वळून फायनल, तोंड वाऱ्याकडं. साडेचार मीटर म्हणजे सेकंदाला १५ फूट, तेव्हा ३०० फूट उतरायला २० सेकंद. वारा नसेल तर या २० सेकंदांत तू २०० मीटर पुढं जाशील. समोरून सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर १००. आणि त्याच वाऱ्यात डाउनविंडच्या ४०० फुटांत, २७ सेकंदांत, तू ४०० मीटर कापतोस! म्हणून जोराच्या वाऱ्यात फायनलला वळायची जागा लक्ष्याजवळ आणायची, नाहीतर वारा तुला परत येऊच देत नाही. तू आधी पडतोस त्या दिवशी बहुधा वारा जास्त असणार. डायरी उघडून बघ.

फायनलवर डोळ्यांची एक युक्ती आहे. समोरची जमीन बघ. लांबच्या जागा दृष्टीत वर सरकतात, जवळच्या खाली सरकून पायाखालून जातात. मधली एक जागा हलत नाही, फक्त मोठी होत जाते. तू तिथं जाणार आहेस. फ्लेअरमध्ये थोडं पुढं सरकशील तेवढं धर.

रंकाळ्याचा_बगळा

आता जरा गंभीर. माझं नाव उगाच नाही, रोज सकाळी रंकाळ्यावर बगळे बघत बसतो. ताई म्हणतात ते सगळं बगळा करतो. उतरायच्या आधी चक्कर मारून तोंड वाऱ्याकडं करतो. मग पंख ताठ ठेवून घसरत येतो, मान लांब, नजर पुढं. शेवटच्या हातभर उंचीवर पंख असे उभे करतो की पिसांची खालची बाजू दिसते, पाय पुढं येतात आणि तो नुसता ठेवल्यासारखा दगडावर असतो. दोन्ही पाय एकदम. एकदा एकाला पाठीत वारा घेऊन उतरताना बघितलं, चार पावलं धावला बिचारा आणि इकडंतिकडं बघून घेतलं, कुणी पाहिलं का म्हणून.

आणखी एक. वाऱ्याचं तोंड कुठलं हे तळ्यावरून कळतं. ज्या काठाकडून वारा येतो तिथलं पाणी काचेसारखं शांत असतं, पलीकडं लाटा.

अकरावी_गल्ली

बगळेबुवा, ही तळ्याची खूण आम्हालाही शिकवतात! विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लांब असेल तेव्हा वरून पाणी, धूर, झेंडे हेच कामाला येतं. कोल्हापुरावर उडता आलं असतं तर गुऱ्हाळाचा धूर आणि उसाच्या फडावरची लाट, दोन्हींवरून वारा वाचला असता.

त्या धावलेल्या बगळ्याचं मात्र कौतुक. त्यानं शेवटच्या क्षणी वळायचा प्रयत्न केला नाही. भट्टीवाला, हे नीट वाच. १०० फुटांवर कळलं की वारा पाठीत आहे, किंवा समोर तार आली, तर हात आपोआप एक टॉगल खेचतो. कॅनोपी वळताना डुबकी मारते, तू बाहेर फेकला जातोस आणि त्या झोक्यातच जमीन येते. आमच्या खेळात कितीतरी माणसं पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत कॅनोपीखाली गेली आहेत, ती अशी. अग्रक्रम पाठ कर. कॅनोपी सपाट आणि सरळ. मग मोकळी जागा. मग निदान अर्धा तरी फ्लेअर. मग पीएलएफ. वाऱ्याकडं तोंड असणं चांगलं, पण या चौघांनंतर. पाठीत वारा घेऊन सरळ उतरलास तर जमीन जोरात पळताना दिसेल, हात लवकर ओढायला सांगतील. ऐकू नकोस, उंची तीच, आणि लोळायची तयारी ठेव.

वळावंच लागलं तर अर्ध्या ब्रेकमध्ये, सपाट, हळू. तेही आधी वर शंभरदा करून बघितलेलं असेल तरच.

आणि झाडं, शेड यांच्या वाऱ्याआडच्या बाजूला उतरू नकोस. अडथळ्याच्या उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत हवा ढवळलेली असते. १० मीटरच्या झाडामागं १०० ते २०० मीटर.

शाहूपुरीच्या_काकू

सगळं वाचलं. निम्मं कळलं. पुण्याच्या शीतल महाजननं २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती ना? मला तेव्हापासून एकच प्रश्न, काष्टा सुटला कसा नाही?

अकरावी_गल्ली

काकू, पदरासकट सगळं पक्कं बांधून. मोकळं कापड दोऱ्यांत किंवा हँडलमध्ये अडकलं तर संपलं.

तालीमवाला

कळवायचं राहिलं. भट्टीवाला तीन आठवडे रोज सकाळी येतोय. वस्ताद पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्यो पडायलाच आलाय काय?" आता स्वतः मोजतात. कालचे ६०.

भट्टीवाला

चार महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

तालमीसोबत घरी एक उद्योग केला. चौकटीला दोन सायकलच्या ट्यूब बांधल्या, खाली दोऱ्याची कडी. रोज २० फ्लेअर, समोर मोबाइल ठेवून व्हिडिओ. पहिलाच व्हिडिओ बघून हसू आलं. माझा उजवा हात डाव्याच्या आधी चांगला वीतभर खाली जातो. बारा वर्षं लॅडल (वितळलेल्या धातूचा मोठा डाव) उजव्या हातानं पेलतोय, तो सवयीनं पुढं. म्हणजे प्रत्येक फ्लेअरला मी कॅनोपी उजवीकडं वळवत होतो आणि समजत होतो वारा ढकलतोय! महिनाभर दोन्ही अंगठे छातीसमोर एकमेकांना जवळजवळ लागतील असे आणत खाली न्यायचा सराव केला, तेव्हा कुठं बरोबरीनं यायला लागले.

मग पुन्हा गेलो. दुसऱ्या ठिकाणी. नऊ जंप्स, कॅनोपी २४०. या वेळी आईला खरं सांगितलं. तिनं जोतिबाचा गुलाल पुडीत बांधून दिला.

पहिल्या दोन लँडिंग मुद्दाम पीएलएफनं. तिसरीला फ्लेअर लवकर झाला, परत तोच पहिला मजला. हात सोडायला निघाले होते, खरंच निघाले होते, पण थांबवले. खाली येऊन उरलेलं ओढलं, पाय जोडून लोळलो, उठलो. काही नाही झालं. चौथीला वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला. विद्यार्थ्यांना तेवढीच मर्यादा आहे, दुपारभर बसवून ठेवलं. सहावीपासून वर प्रत्येक वेळी पाच सराव फ्लेअर आणि ताई म्हणाल्या तसा कान लावून ठेवला. आवाज बारीक होत जातो आणि मग एकदम गप्प, ते पहिल्यांदा ऐकू आलं. नवव्याला दोन्ही पायांवर उतरलो, तीन पावलं चाललो. मैदानावर एकटाच ओरडत होतो.

व्हिडिओ ताईंना पाठवलाय.

फौजी_गडहिंग्लज

शाबास. तिसरी उडी मला नवव्यापेक्षा जास्त आवडली.

शाहूपुरीच्या_काकू

गुलाल कुठं ठेवला होतास? वर उडाला नाही ना?

भट्टीवाला

काकू, जंपसूटच्या आतल्या खिशात, चेन लावून. मोकळं काही ठेवायचं नाही, ताईंनी सांगितलंय.

अकरावी_गल्ली

व्हिडिओ सावकाश करून तीनदा बघितला. हात एकदम सारखे, नजर पुढं, फार छान. २५ झाल्या की ए लायसन्स, म्हणजे पहिल्या पायरीचा परवाना. पुढच्या बी साठी ५० जंप्स आणि कॅनोपीचं वेगळं कार्ड पुरं करावं लागतं, त्याची तयारी आत्तापासून धर. १७० चं नाव अजून काढायचं नाही.

फक्त एक सांग. टेकायच्या आधी डावा पाय पुढं का गेला?

भट्टीवाला

दिसलं होय?

तालीमवाला

उद्या सहाला ये. ६० डाव्या अंगावर.